सुटली म्हण, अक्का

आमच्या कोर्टात साक्षीदारांना शपथ द्यायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना सगळे शपथकाका म्हणायचे. कागदोपत्री ते शिपाईच. पण शिपाई म्हटलं की फायली वाहणारा, हाक मारली की 'आलो' म्हणून न येणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि काका तसले नव्हते. मी तिथली स्टेनो. दिवसभर साक्षी टाइप करते म्हणून मला टकटकबाई म्हणतात. ते नावही काकांनीच ठेवलं, म्हणून मी चालवून घेतलं. दुसऱ्या कुणी ठेवलं असतं तर त्याची धडगत नव्हती. राग माझ्या नाकावरच असतो, हे आधीच सांगून ठेवते.

साक्षीदाराच्या पिंजऱ्याला लागून एक छोटं कपाट होतं. त्यात तीन धर्मांची तीन पुस्तकं, आणि ज्यांना कुठलंच पुस्तक नको त्यांच्यासाठी प्रतिज्ञेचं एक जाड कार्ड. तिन्ही पुस्तकांना एकाच जुन्या चादरीतून कापलेले रुमाल गुंडाळलेले. चादर काकांच्या घरची, दर शनिवारी रुमाल धुवायला घरीच जायचे. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी काका नळाखाली साबणानं हात धुणार, कोपरापर्यंत धुणार, आणि स्वच्छ फडक्यालाच पुसणार. पँटला हात पुसताना मी त्यांना एकतीस वर्षांत एकदाही पाहिलं नाही. बरं, एकतीस त्यांची, माझी बावीस.

काकांचा स्वतःचा देव कुठला, यावर ऑफिसात पैज लागलेली होती. तिन्ही पुस्तकं ते सारख्याच हातांनी उचलायचे, त्यामुळे काही थांग लागायचा नाही. एकदा नवीन कारकुनानं तोंड वर करून विचारलंच. काका म्हणाले, "माझी ड्यूटी तिघांकडेही आहे हो. एकाची बाजू घेतली तर बाकीचे दोघं रजा देणार नाहीत."

आणि साक्षीदार तरी काय एकेक यायचे! एका म्हातारीनं पुस्तक हातात घेऊन विचारलं, "यातलं कुठलं पान?" एक जण म्हणाला, "तिन्ही द्या, म्हणजे बळकट होईल." एक ट्रकवाला पुस्तकावर हात ठेवायचा म्हणून बोटभर वर, हवेतच धरून उभा राहिला. तळवा टेकला नाही की शपथ लागत नाही, अशी त्याची समजूत. काका त्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, "टेकवा दादा, चावत नाही ते." तो असा ओशाळला की विचारू नका. पुढे सगळं घडाघडा खरं बोलून गेला.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. साक्ष संपली, साहेबांनी "जा" म्हटलं, की साक्षीदार पायरी उतरायचा आणि काका पुस्तक परत घेताना ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचे. मला वाटायचं, मंत्रबिंत्र असेल. एकदा माझं टेबल पिंजऱ्याजवळ सरकवलं होतं तेव्हा ऐकू आलं. काका म्हणत होते, "सुटली."

"काय सुटली?" चहाच्या वेळी मी त्यांना धरलंच.

"शप्पथ," ते म्हणाले, आणि लाजले. छप्पन वर्षांचा माणूस, कानापर्यंत लाल झाला. "कोर्ट घालतं, पण सोडवत नाही कुणी. माणूस तसाच घरी जातो. बरं वाटत नाही ते."

आता शप्पथ घालणं म्हणजे काय हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. 'तुला माझी शप्पथ' म्हटलं की समोरचा अडकला. मग त्याची सुटका करायची तर जिनं घातली तिनंच 'सुटली' म्हणायला हवं. लहानपणी आपण मैत्रिणीच्या मागे लागायचो ना, "सुटली म्हण, आधी सुटली म्हण," तेच. आणि मोडली तर? मोडली तर ज्याची घातली त्याच्या जिवावर बेतणार. मोठं झाल्यावर आपण हे हसण्यावारी नेतो. काकांना कधी नेता आलं नाही, आणि त्याला कारण होतं.

काका नऊ वर्षांचे असताना त्यांच्या आईनं त्यांना स्वतःची शप्पथ घातली होती, गावाबाहेरच्या खाणीतल्या पाण्यात पोहायला जायचं नाही म्हणून. ते गेले. पोरंच ती, जाणारच! आणि अठरा दिवसांनी आई तापानं गेली. काकांनी जेवण टाकलं, बोलणं टाकलं. तेव्हा त्यांची मोठी बहीण, अक्का, चौदा वर्षांची होती. तिनं कुणाकडून तरी काढून घेतलं, हा असा का झालाय ते. मग तिनं त्यांचं तोंड ओंजळीत धरलं आणि म्हणाली, "आईनंतर घरात मी मोठी. आता मी सांगते. सुटली तुझी शप्पथ. सुटली." तेव्हा कुठे त्यांनी दूध प्यायलं. हे मला काकांनी सांगितलं तेव्हा माझा चहा गार झाला होता, आणि मी काही बोलले नाही. मी न बोलण्याचे प्रसंग मोजकेच आहेत.

काकांनी लग्न केलं नाही. अक्काला लवकर वैधव्य आलं, ती मुलाला घेऊन भावाकडे आली आणि तिघं एकत्र राहिले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि गल्लीवर उघडणारी गॅलरी. अक्काला दमा. मुलगा, म्हणजे काकांचा भाचा, औषधांची खोकी पोचवणारा छोटा टेम्पो चालवायचा. मुलगा चांगला, हसरा, पण विसरभोळा नंबर एक.

रामायण घडलं ते त्या विसरभोळेपणानं. एके सकाळी भाचा खाली टेम्पो मागे घेत होता आणि त्याचा जेवणाचा डबा वरच राहिला होता. काकांनी गॅलरीतून डबा हलवत हाक मारली, "अरे ए विसरभोळ्या, दुपारी काय खोकी खाणारेस?" भाच्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, वर पाहिलं, खदखदून हसला. टेम्पो मात्र मागे जातच होता. मागे कोपऱ्यावरच्या दुकानातल्या शिलाईवाल्या बाई भिंतीच्या कडेनं चालल्या होत्या. टेम्पोच्या धक्क्यानं त्या पडल्या आणि त्यांचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

भाचा पळून गेला नाही. त्यानंच त्यांना दवाखान्यात नेलं. पण पोलिसांनी विचारल्यावर त्याची जीभ घसरली. भेदरला बिचारा, म्हणाला, "त्याच फोनमध्ये बघत एकदम मध्ये आल्या." एकदा तोंडातून गेलं ते गेलं. आणि पोलीस जिना चढून वर येतायत हे पाहिल्याबरोबर अक्कानं काकांचा हात आपल्या गळ्यावर ठेवला. "बाळ्या, माझ्या गळ्याची शप्पथ आहे तुला. तू गॅलरीत नव्हतास. तू काही पाहिलं नाहीस."

पोलिसांनी विचारलं. काका म्हणाले, "मी आत होतो."

शपथा देण्यात ज्या माणसाचा जन्म गेला, तो माणूस असं बोलला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, घरात कुणी गेलंय.

खटला उभा राहिला तो आमच्याच कोर्टात. शिलाईवाल्या बाईंनी एकच गोष्ट धरून ठेवली होती. पडताना त्यांना वर गॅलरीत माणूस दिसला होता, हातात डबा घेतलेला. त्या वकिलाला म्हणाल्या, "मी फोन बघत चालते असं कागदावर लिहिलंय. पंचवीस वर्षं मी सुईत दोरा ओवतेय. माझं लक्ष कुठे असतं ते मला विचारा. हात मोडला तो मोडला, आता मला वर आंधळीही ठरवणार?" त्यांच्या वकिलानं काकांच्या नावानं समन्स काढलं. एकतीस वर्षं काकांनी दुसऱ्यांची समन्सं वाटली, हे पहिलं त्यांच्या स्वतःच्या हातात आलं.

आता इकडे आड आणि तिकडे विहीर. काकांनी अक्काची मनधरणी सुरू केली. "अक्का, सुटली म्हण. तू म्हटल्याशिवाय मला पिंजऱ्यात चढता येणार नाही." अक्का एक नाही आणि दोन नाही. तिनं भावाशी बोलणंच टाकलं. ताट वाढायची आणि भिंतीशी बोलायची, "भिंतीबाई, मीठ कमी असलं तर सांगा हो. आमच्या घरात खरं बोलणारी माणसं फार झालीत." काका हसून मला सांगायचे, पण हसणं ओठांपर्यंतच. रात्री अक्काला धाप लागली की हे उठून बसायचे आणि तिचा श्वास ऐकत राहायचे. "माझ्याच्यानं आणखी एकदा नाही होणार, टकटकबाई," एकदा म्हणाले. "एक आई घालवलीय मी. आता हिची पाळी." मी म्हटलं, "काका, तापानं गेली हो तुमची आई. तुमच्या पोहण्याचा तापाशी काय संबंध?" ते म्हणाले, "ते मलाही कळतं." पण कळतं आणि वळतं यांत किती अंतर असतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

साक्षीच्या आधीच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. काका बाजारात गेलेत हे पाहूनच गेले. ऑफिसात टेबलावर राहिलेला त्यांचा चष्मा द्यायचं निमित्त. अक्का बारीक, ताठ, डोळे अगदी काकांसारखे. मी चष्मा दिला आणि माझं तोंड सुटलंच. "अक्का, तुमचा भाऊ कोर्टात काय करतो, ठाऊक आहे तुम्हाला?"

"शपथा देतो. पगार घेतो."

"शपथा देतो आणि सोडवतोही. प्रत्येक साक्षीदार उतरला की हळूच 'सुटली' म्हणतो. चोर असो नाहीतर साव, एकालाही तसा जाऊ देत नाही. कुणी शिकवलं हो त्यांना?"

दोरीवर वाळलेले तीन रुमाल होते, चादरीचे. ते अक्कानं घेतले आणि घडी घालत बसली. घातलेली घडी मोडली, पुन्हा घातली. मग म्हणाली, "माझा एकुलता एक मुलगा आहे तो. परवाना गेला तर गाडी जाईल, गाडी गेली तर उभा कशावर राहील? तुमचं काम झालं असेल तर या आता." मी उठले. जिना उतरताना स्वतःलाच शिव्या घातल्या. कशाला गेले होते नाक खुपसायला?

साक्षीचा दिवस उजाडला. न्यायाधीश नवीन बदलून आलेल्या, वयानं तरुण, कडक शिस्तीच्या मॅडम. काका कोर्टाचेच नोकर, पण दोन्ही वकिलांची हरकत नव्हती. पुकारा झाला. काका पिंजऱ्यात चढले. मागच्या बाकावर भाचा मान खाली घालून बसला होता, आणि त्याच्या शेजारी अक्का. ती येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. म्हटलं, ही बाई इथे बसून त्याला नजरेनं बांधणार.

"शपथ द्या," मॅडम म्हणाल्या. आणि इथेच घोडं अडलं. कारण द्यायची ज्यांनी, ते पिंजऱ्यात.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले. म्हटलं, "मॅडम, दोन मिनिटं." बाहेर नळावर गेले, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, काकांच्याच फडक्याला पुसले आणि परत आले. मॅडमच्या कपाळावर आठी होती. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी कपाट उघडलं. तीन रुमाल, परवाच घडी घातलेले. "कुठलं देऊ, काका?"

सगळ्या ऑफिसनं माना पुढे काढल्या, पैजेचा निकाल लागणार म्हणून.

"कुठलंच नको," काका म्हणाले. "कार्ड द्या."

नंतर मी त्यांना विचारलं होतं, असं का केलंत? ते म्हणाले, "पुस्तकावर हात ठेवला असता, तर देवाला अक्काशी भांडायला उभं केल्यासारखं झालं असतं. शप्पथ मी मोडत होतो. जे व्हायचं ते माझ्या एकट्याच्या माथी येऊ दे म्हटलं."

कार्ड त्यांना तोंडपाठ होतं. हजारो माणसांकडून म्हणून घेतलेलं. पण 'काहीही लपवून' इथे आले आणि अडले. पुढचा शब्द येईना. अडलेल्या साक्षीदाराला ते जसे हळूच सांगायचे, तसं मी सांगितलं, "ठेवणार नाही, काका." "ठेवणार नाही," ते म्हणाले. मी जागेवर येऊन बसले आणि टाइप करायला लागले.

"टेम्पो मागे जात असताना चालक कुठे पाहत होता?"

"वर."

"वर कुठे?"

"माझ्याकडे. मी हाक मारली होती. डबा दाखवत होतो. मी हाक मारली नसती तर त्यानं मागे पाहिलं असतं. माझी चूक आधी लिहा."

"आणि या बाई?"

"भिंतीला धरून चालल्या होत्या. सरळ. फोन नव्हता हातात." शिलाईवाल्या बाईंनी डाव्या हातानं पदर तोंडाला लावला.

"मग पोलिसांना तुम्ही आत होतो असं का सांगितलंत?"

"खोटं बोललो. मोठ्या बहिणीनं शप्पथ घातली होती."

भाच्याचा वकील टपूनच बसला होता. ताडकन उठला. "म्हणजे तुम्ही शप्पथ मोडणारे! घरची शप्पथ आज मोडलीत, मग कोर्टाची तरी पाळताय कशावरून?"

असा राग आला मला त्याचा! हातातलं काही फेकून मारता आलं असतं तर मारलंच असतं. काका म्हणाले, "कोर्टाची मोडली तर मला शिक्षा होईल, साहेब. घरची मोडली तर माझी बहीण जाईल, असं मला वाटतं. खुळेपणा म्हणा. पण लहानपणापासून वाटतंय, आत्ताही वाटतंय. एवढं भ्यायलेला माणूस उगाच कशाला बोलेल?"

वकील खाली बसला. मॅडम म्हणाल्या, "झालं. जा तुम्ही."

काका हलले नाहीत. दोन्ही हातांनी कठडा धरून तसेच उभे. मॅडमनी पुन्हा सांगितलं. तरी नाही. त्यांना काय हवं होतं ते त्या खोलीत मला एकटीला कळत होतं. 'सुटली' माझ्या ओठांवर आलं होतं. पण माझ्या म्हणण्याला काय किंमत? जिनं घातली तिनंच म्हणायला हवं.

मागे बाक करकरलं. अक्का उठून उभी राहिली. भाच्यानं तिला धरलं, तिनं त्याचा हात झटकला. दम लागला होता, तरी आवाज खणखणीत काढला. "बाळ्या! सुटली रे. ऐकू येतंय का? मी सांगतेय. सुटली. उतर आता खाली, माणसं खोळंबलीत."

"कोण बोलतंय तिकडे?" मॅडम कडाडल्या.

"साक्षीदाराची मोठी बहीण, मॅडम," मी म्हटलं.

"काय म्हणाल्या त्या?"

"सुटली म्हणाल्या."

वकील पुन्हा अर्धा उठला. "हे नोंदीत येऊ नये, मॅडम. साक्षीचा भाग नाही हा."

मॅडमनी काकांकडे पाहिलं. ते पायरीवर बसले होते, दोन्ही तळव्यांत तोंड धरून लहान मुलासारखे रडत होते, आणि मग त्यांनी ते हात चक्क पँटला पुसले. मॅडम माझ्याकडे वळल्या. "शप्पथ घातल्याचं नोंदीत आलंय ना? मग सुटल्याचंही येऊ दे. लिहा."

पुढचं सांगून टाकते. भाच्यानं पुढच्या तारखेला स्वतःहून खरं सांगितलं. वर्षभर परवाना गेला, ते वर्ष त्यानं गोदामात खोकी उचलली, आता पुन्हा गाडीवर आहे. शिलाईवाल्या बाईंच्या मनगटात अजून कळ येते, पण सुईत दोरा त्या एका दमात ओवतात. खोटं बोलल्याबद्दल काकांना समज मिळाली, ती त्यांनी मान खाली घालून घेतली. आता निवृत्त झालेत. आणि अक्काला काही म्हणजे काही झालं नाही. सहा वर्षं झाली, दमा आहे तसाच आहे, तोंडही आहे तसंच आहे.

त्या दिवसाची नोंद रेकॉर्डरूममध्ये आहे. इतक्या वर्षांत माझ्या टायपिंगमध्ये कुणी चूक दाखवलेली नाही, पण त्या पानावर शेवटच्या ओळीत एक आहे. अक्षरं नीट दिसत नव्हती मला. 'सुटली' हा शब्द तिथे तीनदा पडलाय. अक्कानं तो दोनदाच म्हटला होता. खोडायला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी खोडला नसता.